गिरण्यांच्या गावावर चरख्याचा झेंडा

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. त्याच दिवशी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला होता. ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक अण्णासाहेब भोपटकर यांनी हा झेंडा फडकवला, अशी जिल्ह्याच्या अधिकृत माहितीत नोंद आहे. नगरपालिकेवर राष्ट्रध्वज लागण्याची देशातली ही पहिलीच घटना, असेही त्या नोंदीत म्हटले आहे. सोलापुरात शाळा शिकलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी भाषणात ऐकलेले असते. ऐकताना डोळ्यांसमोर उभा राहतो तो आजचा ध्वज: केशरी, पांढरा, हिरवा आणि मधोमध निळे अशोकचक्र. त्या काळाची चित्रे काढणारेही बहुधा हाच ध्वज काढतात.

प्रत्यक्षात तो झेंडा वेगळा होता. वर पांढरा पट्टा, मध्ये हिरवा, तळाशी तांबडा, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. १९२१ च्या वसंतात बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेस महासमितीची बैठक भरली होती, तेव्हा पिंगली वेंकय्या यांच्याकडून गांधीजींनी तो करून घेतला. झेंड्यावर चरखा असावा ही मूळ सूचना जालंदरच्या लाला हंसराज यांची. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मीयांचा, असा तेव्हाचा अर्थ होता. पट्ट्यांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला होता. संख्येने जे सर्वांत थोडे त्यांचा पट्टा सर्वांत वर, आणि जे सर्वांत जास्त ते तळाशी, बाकीच्यांचा भार पेलणारे. ज्यांचे बळ अधिक त्यांनी दुबळ्यांची ढाल व्हावे, हा त्यामागचा गांधीजींचा विचार. झेंड्याच्या रचनेत बहुसंख्याकांनी आपणहून खालची जागा घ्यावी, असे उदाहरण जगाच्या ध्वजांत मला दुसरे माहीत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९३० पर्यंत या झेंड्याला काँग्रेसने रीतसर ठराव करून मान्यता दिलेली नव्हती. तो वापरातून रूढ झाला होता. सभांतून, मिरवणुकांतून, घरांच्या गच्च्यांवरून लोकांनीच त्याला राष्ट्रध्वज केले होते. तेव्हा सोलापूरने त्या दिवशी जे निशाण चढवले त्याला इंग्रज सरकारची परवानगी नव्हती आणि स्वतःच्या पक्षाचा शिक्काही नव्हता. ध्वजाचा ‘अधिकृत वापर’ म्हटले की आपल्याला परिपत्रक, राजशिष्टाचार आणि पोलीस बँड आठवतो. या देशाच्या ध्वजाचा अधिकृत वापर मात्र आधी रस्त्यावर ठरला आणि कागदावर मागाहून उतरला. माझ्या मते ध्वजाचा खरा इतिहास हा तो कुणी लावायचा, या हक्काचा इतिहास आहे. रंगांचे अर्थ काळानुसार बदलत गेले, त्या हक्काची लढाई चालूच राहिली.

ही लढाई मराठी मुलखाला नवी नव्हती. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरच्या टाउन हॉलवर हाच चरख्याचा झेंडा चढला आणि पोलिसांनी तो उतरवला. त्यातून नागपूरचा झेंडा सत्याग्रह उभा राहिला. १ मे १९२३ पासून तुकड्यामागून तुकड्या झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघत, अडवल्या जात आणि तुरुंगात जात. सत्याग्रहाचे नेते जमनालाल बजाज पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. साडेतीन महिन्यांनी, १८ ऑगस्टला, मिरवणूक झेंड्यांसह त्याच रस्त्याने गेली. एका रस्त्यावरून कापडाचा एक तुकडा नेण्यासाठी हजाराहून अधिक माणसांनी तुरुंग पाहिला. जबलपूरचे उदाहरण समोर ठेवले तर सोलापूरच्या ‘पहिल्या’पणाबद्दल कुणी वाद घालू शकेल. मला त्या वादात रस नाही. पहिला क्रमांक कुणाचा हे ठरवण्यापेक्षा, गावाने निवडून दिलेल्या संस्थेच्या इमारतीवर कुणाचे निशाण असावे हा प्रश्न या शहराने विचारला आणि त्याची जबर किंमत मोजली, हे मोठे आहे. नगरपालिका म्हणजे पाणी, गटारे, दिवाबत्ती आणि शाळा. स्वराज्याचा रोजचा, साधा अनुभव माणसाला तिथेच येतो.

सोलापूरच्या बाबतीत या झेंड्याला आणखी एक पदर होता, आणि त्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही. झेंड्यावर चरखा होता आणि गाव गिरण्यांचे होते. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी आणि विष्णू मिल आल्या. शहराचा दिवस भोंग्यावर उगवत आणि मावळत असे. पूर्व भागात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर हातमागावर लुगडी विणत आणि त्यांच्या मागावर चढणारे सूत बरेचसे गिरणीचेच असे. गांधीजींचा चरखा ज्या यंत्रसुताला पर्याय म्हणून उभा होता त्या सुतावर हे शहर जगत होते. तरीही गांधीजींच्या अटकेची बातमी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आली तेव्हा गिरण्या थांबल्या आणि कामगार रस्त्यावर आला. कामगाराने चरख्याकडे अर्थशास्त्र म्हणून पाहिले नाही. कष्ट करणाऱ्या हाताला देशाच्या निशाणावर जागा मिळाली, एवढे त्याला दिसले असावे. राजाची मुद्रा, तलवार, सिंह किंवा गरुड यांऐवजी राबण्याचे साधन झेंड्याच्या मध्यावर येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. रशियानेही आपल्या लाल झेंड्यावर कोयता-हातोडा आणला होता, पण तो क्रांतीनंतर, सत्ता हाती आल्यावर. इथे सत्ता दूर होती आणि साधन आधी आले.

८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून लोक आणि पोलीस समोरासमोर आले. कलेक्टर नाइट यांच्या कारकिर्दीतला तो गोळीबार. त्यात शंकर शिवदारे हा तरुण पडला. सोलापूरचा तो पहिला हुतात्मा. झेंडा हातात घेऊन तो पुढे सरसावला होता, असे शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मग शहर भडकले, पोलीस चौक्यांवर हल्ले झाले, कोर्टाची इमारत जळाली आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा अंमल उरला नाही. ९, १० आणि ११ मे हे सोलापूरच्या स्वातंत्र्याचे दिवस म्हणून जिल्ह्याच्या इतिहासात नोंदले आहेत. काँग्रेसचे शहराध्यक्ष रामकृष्ण जाजू आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवसांत बंदोबस्ताची जबाबदारी उचलली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला.

लष्करी कायद्याने राष्ट्रध्वज बाळगणे आणि मिरवणे हा गुन्हा ठरवला. गांधी टोपीवरही रोख होता. काँग्रेस कार्यकर्ते तुळशीदास जाधव मिरवणूक घेऊन निघाले तेव्हा लष्करी अधिकारी पेज यांनी, झेंडा लावाल तर गोळी घालू, अशी धमकी दिली. टोपी काढायला सांगितल्यावर, आधी मस्तक उतरेल मग टोपी, अशा आशयाचे उत्तर जाधवांनी दिले आणि ते सहकाऱ्यांसह पकडले गेले. एका साम्राज्याला आपल्या तोफा आणि पलटणी असताना कापडाच्या तुकड्याविरुद्ध स्वतंत्र हुकूम काढावा लागला, यातच त्या तुकड्याला राष्ट्रध्वजाचा दर्जा मिळाल्याची कबुली आहे.

त्यानंतरचे चार जण सोलापूरच्या प्रत्येक मुलाला नावानिशी माहीत असतात. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. मंगळवार पेठ पोलीस चौकीवरील हल्ल्याच्या खटल्यात त्यांना फाशीची शिक्षा झाली. हा खटला सोलापूरने कधीच खरा मानला नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघे फासावर गेले. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. पांढरा, हिरवा, तांबडा असे पट्टे ज्यांना जोडण्यासाठी आखले होते, ती माणसे एकाच पहाटे एकाच कारणासाठी गेली. झेंड्याच्या रचनेवर इतके नेमके भाष्य कुठल्याही समितीच्या अहवालात सापडणार नाही.

आणि हे चौघे गेले तेव्हाही झेंडा तोच होता, पांढरा वर असलेला. त्यात बदल झाला तो पुढच्या काही महिन्यांत. रंगांना धर्म चिकटवल्यामुळे कटकट सुरू झाली होती. शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली होती आणि ती त्या तर्काने चूकही नव्हती. एका समाजाला रंग दिला की दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न येणारच. एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची ध्वजसमिती नेमली. पट्टाभी सीतारामय्या निमंत्रक. सदस्यांत वल्लभभाई, जवाहरलाल, मौलाना आझाद आणि मास्टर तारासिंग यांच्याबरोबर दोन नावे आपल्या अंगणातली होती: साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाने दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी ध्वजवंदनाचा पायंडा देशभर पाडला होता. ध्वज वर जाताना रांगेत, शिस्तीत, स्तब्ध उभे राहण्याची जी सवय आज आपल्या अंगात मुरली आहे, ती सरकारी हुकमातून आलेली नाही. स्वयंसेवकांच्या त्या रविवारांचा तिच्यात मोठा वाटा आहे.

समितीने एकच केशरी रंग आणि कोपऱ्यात चरखा असा झेंडा सुचवला. महासमितीने तो नाकारला. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा आणि पांढऱ्यावर चरखा, असा तिरंगा ठरला. रंगांना जातिधर्माचा अर्थ नाही हे स्पष्टपणे सांगितले गेले. धैर्य आणि त्याग, सत्य आणि शांती, श्रद्धा आणि शौर्य हे अर्थ तेव्हाचे. हा निर्णय योग्यच होता. नागरिकाला झेंड्यात आपल्या जातीचा पट्टा शोधावा लागू नये. तरी एक मोल हातचे गेले, असे मला वाटते. थोड्यांना वर आणि बहुतांना खाली ठेवणारा तो जुना क्रम गेला, आणि त्यामागचा विचार आज पाठ्यपुस्तकांतही भेटत नाही.

चरखा कसा गेला ही हकिकत जास्त रोचक आहे. जून १९४७ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली संविधान सभेची ध्वजसमिती नेमली गेली. तिच्यात डॉ. आंबेडकर होते, मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी आणि मुनशी होते. २२ जुलैला नेहरूंनी ठराव मांडला. त्यांनी दिलेले एक कारण निव्वळ रचनेचे होते. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. चरख्याला एका टोकाला चाक आणि दुसऱ्या टोकाला चाती असते, त्यामुळे मागच्या बाजूने तो उलटा दिसतो. चाक एकटे ठेवले तर हा दोष जातो. सारनाथच्या स्तंभावरचे चक्र निवडले गेले. २४ आऱ्या, गडद निळा रंग आणि कापडाची उंची-लांबी २:३ ठरली. झेंडा ही वाऱ्यात दोन्ही बाजूंनी वाचायची वस्तू आहे, हे ज्याला कळते तोच अशी दुरुस्ती करू शकतो. गांधीजींना चरखा जाणे रुचले नव्हते आणि त्यांनी तसे लिहिलेही. पण सूत कातण्याचे साधन चित्रातून गेले तरी कापडात राहिले. ध्वज हातकताईच्या, हातमागाच्या खादीचाच असेल असा नियम झाला. भारतीय मानकांच्या यादीत ‘आयएस १’ हा पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्या मानकाचा आहे, १९५१ सालचा. स्वतंत्र देशाने सिमेंट, साखर आणि पोलादाच्या आधी कापडाचे माप घेतले.

हे ध्वजाचे कापड आपल्या शेजारीच तयार होते. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ध्वज बनवते, तिचे कापड उदगीरला विणले जाते. दक्षिणेला हुबळीजवळ बेंगेरी येथे कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे केंद्र आहे. दोरीकडच्या पट्टीचे जाडे कापड वेगळे, फडकणारे कापड वेगळे, आणि दोन्हींच्या विणीत किती धागे बसावेत याची मोजणी ठरलेली. रंग, शिवण, चक्राची छपाई, सगळ्याची तपासणी. नियमाने ठरलेले नऊ आकार आहेत, ६३०० बाय ४२०० मिलिमीटरपासून टेबलावरच्या १५० बाय १०० पर्यंत. हे काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत.

स्वातंत्र्यानंतर मात्र लावण्याचा हक्क आखडत गेला. ज्या लोकांनी हुकूम मोडून झेंडा लावला होता त्यांना आपल्याच राज्यात ठरावीक दिवस सोडले तर तो लावता येत नसे. उद्योगपती नवीन जिंदाल यांनी आपल्या कारखान्यावर रोज ध्वज लावण्यासाठी न्यायालयीन लढाई दिली. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सन्मानाने ध्वज फडकवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. ध्वज फाटका नसावा, उलटा नसावा, जमिनीला लागू नये, खराब झालेला ध्वज खासगीरीत्या, शक्यतो अग्नी देऊन पूर्णपणे नष्ट करावा, हे नियम कायम राहिले आणि राहायलाच हवेत. याच संहितेत राष्ट्रीय सप्ताहाचा उल्लेख आजही सापडतो, ६ ते १३ एप्रिल. सोलापूरच्या झेंड्याची तारीख त्या सप्ताहाचा पहिला दिवस आहे, आणि तरी त्या दिवशी शहरातल्या फारच थोड्या माणसांना ती आठवते.

२०२२ च्या जुलैमध्ये सूर्यास्ताची अटही शिथिल झाली आणि नागरिकाला दिवसरात्र ध्वज ठेवता येऊ लागला. हक्क घराघरापर्यंत आला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याआधी, ३० डिसेंबर २०२१ रोजी, संहितेत दुसरी दुरुस्ती झाली होती: यंत्रावर बनवलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालेल. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहिमेसाठी अल्पावधीत प्रचंड संख्येने ध्वज हवे होते, ही अडचण खरी होती. हुबळीच्या खादी संघाने या दुरुस्तीचा निषेध केला तोही खरा होता. माझे मत निषेध करणाऱ्यांच्या बाजूचे आहे. ध्वज कुणीही लावावा हे मान्य, पण तो कशाचाही असावा हे मान्य नाही. चरखा चित्रातून काढताना तो कापडात जपण्याचा जो करार आपण केला होता, तो एका अधिसूचनेने सैल झाला. चकचकीत पॉलिएस्टर पावसात लवकर वाळते, स्वस्त पडते, आणि १६ ऑगस्टला त्याचे काय करायचे हे बहुतेकांना माहीत नसते. जे सोलापूर चादर आणि टॉवेल विणून जगते, ज्याच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्या शहराने तरी धाग्याचा प्रश्न किरकोळ समजू नये.

उंचीची स्पर्धाही मला पटत नाही. कोल्हापुरात ३०३ फुटांचा ध्वजस्तंभ उभा राहिला, आणि इतरही शहरांना तसे स्तंभ हवेसे वाटतात. इतक्या उंचीवर वारा कापड टिकू देत नाही, आणि तिथला ध्वज चढवायचा मान यंत्राचा असतो. सोलापूरला ध्वज पेलणे म्हणजे काय हे सिद्धेश्वराच्या यात्रेने फार पूर्वीपासून शिकवले आहे. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे ते उंच, जड ध्वज कमरेला तोलून मैलोन्‌मैल चालतात. प्रत्येक काठीचे मानकरी वेगळे, आणि त्यांत मातंग समाजाचाही मान आहे. वाहणाऱ्यांच्या हातांमुळे ध्वज मोठा होतो, हे ज्या गावाने शतकानुशतके पाहिले, त्याला लोखंडी खांबाची उंची मोजायचे कारण नाही.

हक्काच्या या इतिहासात सोलापूरचेच एक पान कडू आहे. याच शहरात ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्या लोकांची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. कैकाडी, पारधी, टकारी अशा समाजांतली माणसे तिथे हजेरी देत आणि गिरण्यांत राबत. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशभर तिरंगा चढला तेव्हा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली त्यांच्यावरून पूर्णपणे हटलेली नव्हती. तो कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पाच वर्षे सोळा दिवस उशिरा, असा हिशेब या विमुक्त जमातींचे कार्यकर्ते मांडतात, आणि म्हणूनच ३१ ऑगस्टला मुक्तिदिन साजरा करतात. ध्वज सर्वांचा आहे असे म्हणताना ही तारीख सोबत घ्यायला हवी. ६ एप्रिल, १२ जानेवारी आणि ३१ ऑगस्ट या तिन्ही तारखा सोलापूरच्या आहेत. शहराने त्यांपैकी एकच मोठ्याने सांगावी आणि बाकीच्या पुटपुटाव्यात, हे योग्य नाही.

म्हणून महापालिकेला आणि शहरातल्या शाळांना एक विनंती आहे. १९३० चा झेंडा, पांढरा वर, हिरवा मध्ये, तांबडा खाली आणि त्यावर चरखा, असा खादीत नीट मापाने करून घ्यावा. तो काचेच्या पेटीत लोकांना दिसेल असा ठेवावा आणि खाली त्याची हकिकत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा या शहराच्या चारही भाषांत लिहावी. भिंतीवर हुतात्म्यांची चित्रे रंगवताना त्यांच्या हातात त्यांचाच झेंडा द्यावा, १९४७ मध्ये आलेला नव्हे. वाचकहो, तुम्ही पुढच्या ऑगस्टमध्ये घरावर ध्वज लावणार असाल तर जुलैतच खादी भांडारात जाऊन उदगीरच्या किंवा हुबळीच्या कापडाचा ध्वज मागा. नसेल तर मागवून द्यायला सांगा.